उणे एक आप्पा

माणसावर विश्वास ठेवावा की नाही, हे पूर्वी त्या माणसाकडे बघून, त्याच्याशी चार शब्द बोलून आणि शेजारीपाजारी चौकशी करून ठरवावं लागे. त्यात फार वेळ जाई. आता हे काम एका तीन आकडी संख्येकडे सोपवण्यात आल्यामुळे समाजाचा बराच वेळ वाचतो. वाचलेला वेळ ती संख्या बघण्यात जातो.

ज्या घराची ही हकीकत आहे तिथे पहिल्या नोंदीच्या दिवशी पुढील ऐवज होता: तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोल्या दोन; खिडक्या तीन (पैकी एक उघडत नाही); माणसं तीन; कर्जं तीन, म्हणजे दरडोई एक; आणि आकडा एक. आकडा ६८८ होता.

तिन्ही कर्जं चांगल्या घरात शोभतील अशीच होती. पहिलं स्कूटरचं. दुसरं आप्पांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेचं. तिसरं क्रेडिट कार्डाचं. हे तिसरं नेमकं कशाचं, ते घरात कुणालाच धड सांगता येत नसे. फ्रिजची दुरुस्ती, दोन चष्मे, भाचीला घेतलेली सायकल आणि व्यायामाचं एक यंत्र मिळून ते साचलं होतं. (यंत्रावर टॉवेल वाळत घालतात. त्या कामी ते उत्तम आहे.)

घरातला कर्ता पुरुष वजनमाप खात्यात तपासनीस होता. बाजारात हिंडून दुकानांतले काटे तपासायचे, बरोबर भरले तर शिक्का मारायचा, चुकले तर सील ठोकायचं, हे त्याचं काम. त्याच्याकडे एक लाकडी पेटी होती आणि तिच्यातल्या मखमली खाचांत पितळेची मानक वजनं बसवलेली होती. त्यांना तो उघड्या हाताने कधी शिवत नसे. बोटांचं तेल लागून वजन वाढतं, असं तो सांगे. (किती वाढतं, असं विचारणाऱ्याला तो तेही सांगे. त्यामुळे सहसा कुणी विचारत नसे.) नोकरीची अठरा वर्षं त्याने तीन नियमांवर काढली होती:

एक, एकदा मोजलेलं हे मोजलेलं नव्हे, तीनदा मोजावं.

दोन, काट्याचा संशय आला तर त्यावर मानक वजन ठेवून बघावं.

तीन, काटा आणि मानक वजन यांचं जमलं नाही, तर चूक काट्याची असते. वजनाची कधीही नसते.

यांपैकी पहिले दोन नियम त्याने पुढे काटेकोरपणे पाळले.

त्याची बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. नोकरी कंत्राटी होती, दर अकरा महिन्यांनी संपून पुन्हा सुरू होणारी. म्हणून बँकेच्या लेखी ती दर अकरा महिन्यांनी बेकार होत असे. तिसरे माणूस म्हणजे आप्पा, तपासनीसाचे वडील. वय शहात्तर, धंदा पुस्तकबांधणीचा. सकाळचं ऊन जिथे येतं त्या खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं, आणि त्यावर सरस, दोरा, दाभण आणि कुणाकुणाची उसवलेली पुस्तकं. पुस्तक बांधून होईपर्यंत आप्पा गिऱ्हाइकाकडून पैसे घेत नसत, आणि बांधून झाल्यावर मागायला विसरत. आयुष्यात त्यांनी कुणाकडून उसना दाभणसुद्धा आणला नव्हता. खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना सपाट जमिनीवर सगळीकडे जाता येई. जिना मात्र एकही चढता येत नसे.

हे सांगण्याचं कारण असं, की वरच्या मजल्यावरच्या मालकीणबाई एके दिवशी जिना उतरून आल्या आणि म्हणाल्या, "मी आता लेकीकडे राहायला जाणार. खालच्या खोल्या विकायच्यात."

"बरं," तपासनीस म्हणाला.

"तुम्हालाच द्यायच्यात. आप्पांना या वयात कुठे फिरवणार तुम्ही? दुसरं गिऱ्हाईक दारात आहे, पण मी सहा महिने थांबते. बँकेचं पत्र तेवढं आणा."

शहरात त्या भाड्यात, त्या किमतीत, तळमजल्यावर दुसऱ्या खोल्या आहेत का, हे तपासनीसाने तीनदा पाहिलं. नव्हत्या. मग तो बँकेत गेला.

कर्जविभागातल्या मॅडम अत्यंत अदबीने वागल्या. त्यांनी पगार विचारला नाही, पत्ता विचारला नाही, बसायला मात्र सांगितलं आणि आकडा विचारला.

"सहाशे अठ्ठ्याऐंशी."

"सातशे पन्नास लागतात," मॅडम म्हणाल्या. "सहा महिने आहेत ना? होईल. रोज बघत राहा."

जाताना त्यांनी एक छापील पत्रक दिलं. पत्रकात पत वाढवण्याचे उपाय दिलेले होते आणि ते सर्व निर्दोष होते. हप्ते वेळेवर भरावेत. कार्डाची जेवढी मर्यादा असेल तिच्या तीस टक्क्यांहून जास्त वापरू नये, पण अजिबात न वापरणंही बरं नव्हे. कर्जं वेगवेगळ्या प्रकारची असावीत. जुनी असावीत. आणि नवीन कर्ज वारंवार मागू नये, कारण मागणाऱ्याला गरज आहे असा समज होतो.

दुसऱ्या दिवसापासून तपासनीस कामाला लागला. आकड्याचं ॲप त्याला पाहताक्षणी आवडलं होतं. त्यात एक अर्धगोल तबकडी होती, डावीकडे तांबडी, उजवीकडे हिरवी, आणि मधे एक काटा. काट्यांमध्ये अठरा वर्षं काढलेल्या माणसाला यापेक्षा अधिक काय हवं असतं? सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, दुपारी जेवण्यापूर्वी आणि संध्याकाळी घरी आल्यावर तो आकडा पाही आणि वहीत टिपून ठेवी. तिरकं पाहिलं तर वाचन चुकतं, म्हणून फोन टेबलावर सपाट ठेवून, एक डोळा मिटून, दुसरा बरोबर काट्याच्या वर आणून पाही.

"खाली आकड्यांत लिहिलेलंच असतं ना?" बायकोने एकदा विचारलं.

"लिहिलेलं असतं. पण काटा काय म्हणतो तेही बघावं लागतं."

पहिल्या सहा आठवड्यांत अशी १२६ वाचनं झाली. आकडा महिन्या-पंधरवड्यातून एकदाच बदलतो, त्यामुळे १२६ पैकी १२४ वाचनं आदल्या वाचनाशी तंतोतंत जुळली. इतकं स्थिर यंत्र त्याने बाजारात कुठेच पाहिलं नव्हतं. त्याचा विश्वास वाढला.

दरम्यान घरात काटकसर सुरू झाली होती. वर्तमानपत्र बंद झालं. बायकोने रविवारच्या पाळ्या मागून घेतल्या. तपासनीस पेटी घेऊन बाजारात चालत जाऊ लागला आणि स्कूटर जिन्याखाली उभी राहून आपले हप्ते भरून घेऊ लागली. आप्पांनी चहातली साखर सोडली. साखरेचा आणि आकड्याचा संबंध त्यांना कुणी सांगितला नव्हता, पण घरात सगळे काहीतरी सोडत होते आणि त्यांच्याकडे सोडण्यासारखं दुसरं काही नव्हतं. कार्डाचं देणं उतरत गेलं. सातव्या आठवड्यात आकडा ७२१ झाला.

त्या आनंदात तपासनीसाने एक चूक केली. त्याने स्कूटरचं कर्ज फेडून टाकलं.

चार हप्ते राहिले होते. बायकोच्या रविवारांचे पैसे जमले होते. त्याने ते नेऊन भरले, कर्ज बंद झाल्याचा कागद घेतला, तो आप्पांकडून पुठ्ठ्यात बांधून घेतला आणि समाधानाने झोपला. पुढच्या पंधरवड्याच्या सकाळी सात दहाला काटा ७०९ वर होता. त्याने तीनदा पाहिलं.

घरावर अवकळा आली. समोरच्या खोलीतले फिरते काका तर भेटायला आले आणि दाराबाहेर चपला काढून, आवाज उतरवून विचारू लागले, "कितीने गेला?"

"बाराने."

"अरेरे," फिरते काका म्हणाले.

फिरते काका हे त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्याकडे सात कार्डं होती. पहिल्याचं देणं ते दुसऱ्याने देत, दुसऱ्याचं तिसऱ्याने, असं करत सातव्याचं पुन्हा पहिल्याने. त्यांच्याकडे पैसा नसे, पण तो सतत फिरत असे. कोपऱ्यावरच्या वाण्याचं त्यांच्याकडे दोन वर्षांपासून येणं होतं. वाणी ॲपमध्ये नसल्यामुळे ते धरलं जात नव्हतं. फिरत्या काकांचा आकडा ७९१ होता.

"साहेब, कर्ज असं एकदम फेडायचं नसतं," ते म्हणाले. "त्याला सवय लावायची असते. तुमचं सगळ्यात जुनं खातं होतं ते. पाच वर्षांचा सोबती. तुम्ही त्याला एका दिवसात बाहेर काढलंत."

"देणं होतं, देऊन टाकलं."

"तेच म्हणतो मी. लोक काय समजतील?"

तपासनीस बँकेत गेला. मॅडमनी कागद पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुम्ही फेडलंत?"

"हो."

"सगळं?"

"हो. चार महिने आधीच."

"अहो, पण का?" मॅडमनी कळवळून विचारलं. "काही अडचण होती का घरी?"

तपासनीसाने कागद गोळा केले. देणं देण्यामागे अडचण असते, याचा त्याने पूर्वी विचार केला नव्हता. परतताना मात्र त्याच्या मनात प्रथमच संशय आला, आणि तो माणसाचा नव्हे, काट्याचा. देणं दिल्यावर काटा खाली जातो आणि सात कार्डांवर ७९१ दाखवतो, असा काटा बाजारात सापडला असता तर त्याने काय केलं असतं? नियम दोन. मानक वजन ठेवून बघितलं असतं.

अडचण एवढीच होती, की पत मोजायचं मानक वजन खात्याच्या पेटीत नव्हतं. ज्याची पत ठाऊक आहे, कुणाचा छदाम ज्याने बुडवला नाही, जो घासला, पुसला, पडला तरी बदलत नाही असा माणूस हवा होता. तपासनीस घरी आला आणि त्याने खिडकीपाशी पाहिलं. आप्पा एका शब्दकोशाचा कणा शिवत बसले होते.

"आप्पा, तुमचं ओळखपत्र द्या जरा."

"कशाला रे?"

"तुम्हाला मोजायचंय."

आप्पांनी दाभण बाजूला ठेवला, कार्ड दिलं आणि मोजून घ्यायचं आहे म्हणून ताठ बसले. सूनबाई भाजी चिरता चिरता उठून मागे येऊन उभी राहिली. ॲपने थोडा विचार केला. तबकडी आली, पण काटा तांबड्यावरही नव्हता आणि हिरव्यावरही नव्हता. तो तबकडीवर नव्हताच. खाली लिहिलं होतं: उणे एक. त्याखाली बारीक अक्षरांत: या व्यक्तीचा कोणताही इतिहास आढळला नाही.

"किती आला?" आप्पांनी विचारलं.

"उणे एक."

"एक कुणाचा राहिलाय द्यायचा?" आप्पा दचकून म्हणाले.

"कुणाचा नाही. तुम्ही कधी कर्ज घेतलं नाहीत, खुब्याचंही माझ्याच नावावर आहे, म्हणून तुम्ही त्यात नाही आहात."

आप्पांनी चष्मा पुसला आणि ती ओळ स्वतः वाचली. "शहात्तर वर्षांत इतिहास नाही म्हणतोय हा," ते म्हणाले. "म्हणजे मी नाहीच?"

"बरं झालं," सूनबाई म्हणाली. "आता कळलं ना? काटा खोटा आहे. ठोका सील."

"मला तो अधिकार नाही," तपासनीस म्हणाला.

"तुमचा तिसरा नियम काय होता हो?"

"तो काट्यांसाठी आहे."

"आणि हे काय आहे?"

तपासनीसाने फोनकडे पाहिलं. मालकीणबाईंनी दिलेल्या सहा महिन्यांतले साडेतीन उरले होते. बँक या काट्यावर चालत होती, बँकेवर त्या दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत आप्पांचं टेबल. त्याने वही उघडली आणि स्वच्छ अक्षरात नोंद केली: मानक वजनात दोष आढळला. दुरुस्ती आवश्यक.

दुरुस्तीचा मार्ग मॅडमनीच दाखवला. ज्याला कुणी कर्ज देत नाही त्याने स्वतःचे पैसे बँकेत ठेवायचे. त्या पैशांच्या आधारावर बँक त्याला कार्ड देते. मग त्याने आपल्याच पैशांच्या भरवशावर बँकेकडून उसने घ्यायचे आणि वेळेवर परत करायचे. असं काही महिने केलं, की त्याचा इतिहास सुरू होतो. आप्पांची बँकेत एक ठेव होती. आपल्यामागे आपल्या शेवटच्या कामाचा खर्च पोरांवर पडू नये, म्हणून त्यांनी ती बाजूला टाकली होती. ती तारण म्हणून ठेवण्यात आली. सही करताना आप्पांनी विचारलं, "मधेच लागली तर?"

"तारण आहे तोवर काढता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "खातं तीन वर्षं तरी चालू ठेवा. मधे बंद झालं तर आकड्यावर परिणाम होतो."

"प्रयत्न करतो," आप्पा म्हणाले.

कार्ड आलं. दर महिन्याच्या पाच तारखेला आप्पा काठी टेकत कोपऱ्यावर जात, कार्डावर एक डबा सरस आणि दोऱ्याचं एक रीळ घेत, आणि सहा तारखेला पैसे भरून टाकत. पहिल्या महिन्यात ते पाच तारखेलाच भरायला निघाले होते. खिशात पैसे असताना रात्रभर कुणाचं देणं ठेवायचं, या कल्पनेने त्यांना बसवेना. तपासनीसाने त्यांना हात धरून बसवलं. "एक दिवस तरी कर्जात राहा, आप्पा. नाहीतर मोजायला काही उरत नाही." ती रात्र आप्पांनी कूस बदलत काढली. दुसऱ्या महिन्यात त्यांना झोप लागली. तिसऱ्या महिन्यात ते म्हणाले, "बिल आलं की भरू. घाई काय आहे?"

मग त्यांना फोन येऊ लागले. दुपारच्या वेळी एक मुलगी बोलायची आणि कर्ज हवं का, असं विचारायची. शहात्तर वर्षांत आप्पांना इतक्या मायेने कुणी काही हवं का विचारलं नव्हतं. ते तिला आधी जेवलीस का विचारत, मग कुठलं पुस्तक हातात आहे ते सांगत. एकदा त्यांनी तिला कणा कसा शिवतात ते एकोणीस मिनिटं समजावलं. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, म्हणजे कर्ज नको ना?" "आज नको," आप्पा म्हणाले. "उद्या कर फोन."

(चौकशी पूर्ण व्हावी म्हणून तपासनीसाने बायकोचाही आकडा पाहायचं ठरवलं होतं. तिने नकार दिला. "मी रोज चाळीस माणसांच्या आतलं बघते," ती म्हणाली. "तुटलेलं असतं ते दिसतं, नसेल तर नाही दिसत. आकडा मला अजून एकातही सापडला नाही." नोंदवहीत तिच्या नावापुढे आडवी रेघ आहे.)

आता तपासनीसही फिरत्या काकांच्या सांगण्याप्रमाणे वागू लागला होता. शस्त्रक्रियेचं कर्ज त्याने फेडता येत असूनही फेडलं नाही. कार्डावर मर्यादेच्या बरोबर अठ्ठावीस टक्के देणं तो सांभाळून ठेवी. कमी झालं तर काहीतरी विकत आणी. अशा रीतीने घरात एक छत्री, एक पंप आणि पायपुसण्यांचा एक संच आला. आकडा ७०९ वरून ७२६, ७२६ वरून ७४४ असा चढत गेला, आणि सहाव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, काटा ७५८ वर थांबला. दुपारी ७५८. संध्याकाळी ७५८.

त्या दिवशी आप्पांच्या चहात दोन चमचे साखर पडली. मालकीणबाईंना वरती निरोप गेला. त्या जिन्याच्या कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "झालं ना? मी म्हटलंच होतं. आता पत्र तेवढं आणा."

मुदतीला बावीस दिवस होते. दुसरा कुणी असता तर बँकेत जाऊन अर्ज देऊन आला असता. पण तपासनीस हा अठरा वर्षं मुरलेला माणूस. एवढी मोठी गोष्ट एकाच काट्यावर कशी सोडायची? एकदा मोजलेलं हे मोजलेलं नव्हे. त्याने एक दिवसाची रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि साडेदहाला मॅडमच्या बँकेत, पावणेबाराला चौकातल्या दुसऱ्या बँकेत आणि एक वाजता पुलापलीकडच्या तिसऱ्या बँकेत, असे तीन अर्ज दिले. तिन्ही ठिकाणी सारखाच निकाल आला, तर तो खरा. नाही आला, तर सरासरी काढता येईल.

आठवड्याने मॅडमनी बोलावलं. त्यांच्यासमोर पडदा होता आणि त्यांचा चेहरा पडद्याच्या उजेडात गंभीर दिसत होता.

"तुम्ही तीन ठिकाणी मागितलंत?"

"तीन वाचनं घेतली," तपासनीस म्हणाला.

"प्रत्येक बँकेने तुमचा आकडा मागवला. प्रत्येक मागणीला तीन गुण जातात."

"म्हणजे मोजलं म्हणून कमी झालं?"

"एका दिवसात तीन बँका म्हणजे माणूस गरजू आहे, असं दिसतं," मॅडम म्हणाल्या. "आम्ही गरजूंना देत नाही असं नाही. पण गरज दिसायला नको."

"आता किती आहे?"

"सातशे एकोणपन्नास."

खोलीत पंखा फिरत होता. तपासनीस खुर्चीत थोडा पुढे सरकला. त्याचा आवाज चढला नाही. तो दुकानदाराशी बोलताना जसा असे तसाच होता.

"मॅडम, याचा मान्य फरक किती?"

"कसला फरक?"

"किलोच्या काट्यालासुद्धा एवढ्या ग्रॅमपर्यंत इकडेतिकडे चालतं असा नियम आहे. सोनाराच्या काट्याला आहे. पेट्रोलच्या पंपाला आहे. अगदी अचूक असं यंत्र नसतं, म्हणून किती चुकलं तर चालेल ते लिहून ठेवावं लागतं. ज्यावर ते लिहिलेलं नाही, त्या काट्यावर मी शिक्का मारत नाही. याच्यावर कुठे लिहिलंय?"

मॅडमनी पडद्यावर वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी त्यांच्या पलीकडच्यांना विचारलं.

"असं आजवर कुणी विचारलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग तो चुकतो की नाही, हे कसं कळतं?"

"सहा महिन्यांनी या," मॅडम अत्यंत अदबीने म्हणाल्या. "होईल. रोज बघत राहा."

इतर दोन बँकांचे निकालही त्याच आठवड्यात आले. तिन्ही वाचनं जुळली.

मालकीणबाईंनी पत्राऐवजी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. "किती कमी पडला?"

"एक."

"अरे देवा. एकाने काय होतंय?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, पदराशी चाळा करत, "पण लेक म्हणते, बँकेनेच नाही म्हटलं तर काहीतरी असेल."

"अकरा वर्षं झाली, मालकीणबाई. भाडं कधी चुकलं?"

"एकदाही नाही," मालकीणबाई मनापासून म्हणाल्या. "पण ते कुठे दिसतं?"

भाडं खरोखरच कुठे दिसत नाही. एकशे बत्तीस महिने, दर महिन्याच्या एक तारखेला, आप्पांनी स्वतः जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभं राहून ते त्यांच्या हातात दिलं होतं. मुदत संपली. दारातल्या गिऱ्हाइकाने व्यवहार पुरा केला. त्याचं कर्ज चार दिवसांत मंजूर झालं होतं, कारण त्याचा आकडा ७९१ होता आणि आता त्याच्याकडे आठवं खातं झालं होतं.

फिरते काका मालक म्हणून प्रथम आले, तेव्हाही त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या. "साहेब, तुम्हाला बाहेर काढायचं माझ्या मनातसुद्धा नाही," ते म्हणाले. "आप्पा म्हणजे मला वडिलांच्या जागी. भाडं तेवढं थोडं वाढवावं लागेल, हप्ता आहे ना. आणि करारासाठी तुमचा आकडा लागेल. माझं काही नाही हो, पण हल्ली बघतात."

"सातशे एकोणपन्नास," तपासनीस म्हणाला.

फिरते काका संकोचाने जमिनीकडे पाहू लागले.

तेव्हा खिडकीपाशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आप्पा टेबलाला धरून उठले. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला, फोन टेबलावर सपाट ठेवला, एक डोळा मिटला आणि दुसरा बरोबर वर आणून पाहिलं.

"सातशे चौसष्ट," आप्पा म्हणाले. "माझ्या नावावर कर. आता सापडलोय मी."

करार आप्पांच्या नावावर झाला. तीन वर्षांचा. शेवटच्या कामाची ती ठेव तारण आहे आणि खातं मधे बंद पडू नये असा सल्ला असल्यामुळे आप्पा तेवढी वर्षं राहणार आहेत. चहातली साखर त्यांनी पुन्हा सोडली; या वेळी मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावरून. तपासनीसाचा आकडा हे लिहिताना ७५३ आहे. सूनबाईच्या नावापुढे अजून आडवी रेघ आहे आणि तिच्या रविवारच्या पाळ्या चालू आहेत, कारण भाडं वाढलं आहे.

तपासनीस आजही पेटी घेऊन बाजारात जातो. मानक वजन पारड्यात ठेवल्यावर काटा स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात तो दुकानदाराला ही हकीकत पहिल्यापासून सांगतो आणि ऐकून झाल्यावर दुकानदाराने पहिला प्रश्न कोणता विचारला, ते वहीत टिपून ठेवतो. आजवर चाळीस जणांनी ती पूर्ण ऐकली. दोघांनी आप्पांची तब्येत विचारली. चौघांनी खोल्या कितीला गेल्या ते विचारलं. एकाने काटा आजच्यापुरता सोडता येईल का, असं विचारलं. मान्य फरक किती असावा, हे कुणी विचारलं नाही. तेहतीस जणांनी ॲपचं नाव विचारलं. (वाचकहो, यात आपली नोंद अजून धरलेली नाही.)